डोंगराकडची खिडकी

चौदा ऑक्टोबर. सकाळपासून ढग, दुपारी चारला बारीक गारा, मग नुसता गारठा.

मी खिडकी बोलतेय, उंचावरच्या या गावातल्या मुक्कामाच्या खोलीची. जुना पूल मोडला तेव्हा त्याच्या फळ्यांतून सुतारानं मला घडवलं. खालच्या डाव्या काचेत एक बुडबुडा आहे. समोर हिमशिखर आहे. एकोणचाळीस वर्षं मी ते पाहतेय, तरी ते ढगातून बाहेर आलं की माझ्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्याही गप्प होतात.

पाहुणे पाठीवरची पिशवी न उतरवताच माझ्याकडे धावतात. काचेवर वाफ धरली की बोटानं नावं लिहितात. लिहा बापडे, पण जाताना पुसून जा.

त्या संध्याकाळी मायलेकी आल्या. दोन विमानं, एक रात्र विमानतळाच्या बाकावर, मग नऊ तास बस. आईची नजर अधू होत चालली होती; डॉक्टरांनी वर्षअखेरीची मुदत दिली होती. सकाळी आठच्या बसनं ती पलीकडच्या खोऱ्यात थोरल्या मुलाकडे कायमची राहायला जाणार होती, आणि तिला पोचवून लेक परत परदेशी, आजवरच्या दोघींच्या घरी. शिखर फक्त इथून दिसतं, म्हणून लेकीनं वाटेत हा एक मुक्काम घेतला होता.

"अकरा दिवस तोंड दाखवलं नाही त्यानं," गरम पाण्याची बादली ठेवत घरमालकीण म्हणाली.

"मी जागीच राहते. दिसलं की तुला उठवते, आई."

"अगं, निघताना घराचं कुलूप दिसेना मला, डोंगर कुठला दिसतोय. पाय बुडव आधी."

पाय शेकले, अंगावर दोन रजया आल्या, आणि जागी राहणारी लेक आठालाच घोरू लागली.

साडेपाचला आई उठून बसली. तिच्या अंगाला अजून घरचीच वेळ माहीत होती; तिथे दुपार झाली होती. पाच चाळीसला ढग फाटला. आधी टोक, मग खांदे, मग सगळा डोंगर पेटल्यासारखा. एवढं मोठं काही इतकं गुपचूप येतं, याची मला सवय होत नाही. आईनं माझ्या चौकटीवर हात ठेवला.

"अगं बाई," एवढंच ती म्हणाली.

लेकीला हाक मारायला ती वळली आणि थांबली. माझ्यातून आत गेलेला गुलाबी उजेड लेकीच्या चेहऱ्यावर पडला होता. कपाळावरची लहानपणची खोक, किंचित उघडे ओठ, सगळं लख्ख. आई खाटेच्या कडेवर बसली आणि अगदी जवळ वाकली.

सातला लेक दचकून उठली. बाहेर पुन्हा ढग.

"दिसलं का गं?"

"दिसलं."

"मग मला का नाही उठवलंस?"

"दोन रात्री झोपली नव्हतीस."

"नीट दिसलं ना पण?"

"अगदी नीट. चष्म्याशिवाय."

शिखर पाच चाळीस ते सहा दोन, बावीस मिनिटं दिसलं. आईनं ते तीन मिनिटं पाहिलं. उरलेली एकोणीस मिनिटं ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. आठची बस आठ दहाला सुटली.