बाकी एक आली असती तर

मी एक संयुक्त संख्या बोलतेय. साधीसुधी नव्हे, मला कागदावर उतरवायचं तर आठ पानं लागतील आणि लिहिणाऱ्याचा हात भरून येईल. तरी मला कुणी ओळखत नाही. नाव झालं ते माझ्या शेजारणीचं. माझ्यापेक्षा फक्त चारने मोठी आहे ती! एवढ्या पसाऱ्यात चार म्हणजे किती? पण तोरा असा, की तिला आभाळ ठेंगणं.

आम्हाला शोधलं दोन सख्ख्या बहिणींनी. दोघी एकाच शाळेत गणित शिकवतात आणि संध्याकाळी घरी एकाच टेबलावर आपापला संगणक मांडून मोठ्या मूळ संख्या शोधतात. आधी चाळणी लावायची. दोन, तीन, पाच, सात अशा लहानसहान मूळ संख्यांनी जिला भाग जातो ती बाहेर. उरतील त्या वाटून घ्यायच्या, आणि निवडायचा पहिला मान ताईचा.

ताईने मला उचललं. "शेवटी सात आहे, ही माझी. ती एकवाली तू घे, छोटे."

"उरलंसुरलं नेहमी मलाच," धाकटी हसून म्हणाली.

मी फुगून गेले. आमच्या आधी शेकडो जणी बाद झाल्या होत्या, पण मला खात्री होती, आपण मूळच.

मग परीक्षा झाली. एक लहान संख्या घ्यायची, तिला तिनेच ठरावीक वेळा गुणत गुणत अवाढव्य करायची आणि तिला मी भागायचं. मी मूळ असेन तर बाकी एक आलीच पाहिजे. माझी बाकी आली भलतीच लांबलचक. ताईचा चहा निवायच्या आत निकाल लागला: संयुक्त. त्यातही गंमत पाहा. माझ्याहून लहान संख्यांच्या गुणाकारातून मी जन्मले एवढंच त्या बाकीने सांगितलं. त्या कोणत्या, ते नाही. म्हणजे आईबाप आहेत हे सिद्ध, पत्ता मात्र नाही!

आणि शेजारणीची बाकी? एक! पुढे कित्येक आठवडे पक्क्या सिद्धतेसाठी धाकटीचा संगणक घुमत राहिला, आणि ती मूळ ठरली. आठही पानं बारीक छापून टेबलासमोर तसबीर लागली. शाळेत टाळ्या झाल्या. माझा नुसता जळफळाट. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणी भागत नाही, यात कसलं आलंय कर्तृत्व?

जळणारी मी एकटी नव्हते. ताईने टेबलाशी बसणंच सोडलं. जेवताना "मीठ दे" यापलीकडे दोघींत बोलणं उरलं नाही. धाकटीने एकदा कारण विचारलं, तर ताई फणकारली, "ती मीच दिली होती तुला! माझ्या हातातली होती." ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण एका रविवारी ताई संगणक साफ करायला बसली आणि मला पुसायला तिने बोट उचललं. संख्या मरत नाही हे खरं. पण मला ओळखणारं मग जगात कुणी उरलं नसतं.

"ताई, थांब," धाकटी मागून म्हणाली. "तिला ठेव."

"नापास आहे ती."

"असू दे. माझ्या संख्येला आता विचारण्यासारखं काही राहिलं नाही. तुझ्या संख्येच्या पोटात कोण दडलंय, ते कुणालाच ठाऊक नाही. शोधू या ना दोघी? मला एकटीला नाही गं करमत इथे."

ताईने बोट मागे घेतलं. मग म्हणाली, "जन्म जाईल यात."

धाकटीने खुर्ची जवळ ओढली.

आता रोज संध्याकाळी माझ्या आईबापांचा शोध चालतो. अजून सापडले नाहीत. सापडावेत असं फार वाटतं, पण बायांनो, माझी एकच विनवणी आहे, घाई करू नका. दोघी एकाच पडद्यात डोकं घालून "तू चुकलीस", "तूच चुकलीस" करत भांडतात, आणि तसबिरीकडे कुणी मान वर करून बघतही नाही. तिच्या काचेवर धूळ बसलीय. बसू दे. आता जरा तिला जळू दे!