तिसरा आग्रह

वऱ्हाड जनआघाडी हा पक्ष दोन गावांचा. अर्धा अमरावतीचा, अर्धा अकोल्याचा, आणि या दोन अर्ध्यांचं एकमेकांशी पटलं असं आजवर कुणी ऐकलेलं नाही. अकोल्याची मंडळी बैठकीला अमरावतीत जायची नाहीत, अमरावतीची अकोल्यात पाय ठेवायची नाहीत, म्हणून बैठक कायम मधल्या वाटेवर, मूर्तिजापूरला. अध्यक्षपदाचंही तसंच ठरलेलं: एक खेप तुमची, एक खेप आमची. आता ठरलेलं म्हणजे आपलं बोलण्यापुरतं. प्रत्यक्षात तीन खेपा ओळीनं अमरावतीच्या खुशालराव देशमुखांनाच खुर्ची मिळाली होती आणि दर खेपेला अकोलेकर तोंड फुगवून, पण जिलेबी खाऊन परतले होते.

यंदा मात्र दोन्हीकडच्या महापालिकांच्या निवडणुकीत पक्षाचं पार पानिपत झालं. अमरावतीत एक जागा आली, अकोल्यात भोपळा. खुशालरावांनी निकाल लागला त्याच दिवशी राजीनामा दिला, आणि नवा अध्यक्ष निवडायला म्हणून एका रविवारी मूर्तिजापुरातलं नेहमीचं मंगल कार्यालय घेतलं गेलं. सत्तेत वाटा होता तेव्हा याच कार्यालयात बसायला जागा मिळत नसे. आज माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या, आणि जो तो मागची खुर्ची शोधत होता.

अकोल्याहून आलेली शकुन होले मात्र पुढच्या रांगेत बसली. ती पक्षाच्या महिला आघाडीची प्रमुख. अकोल्याच्या कडेला त्यांचा भाजीचा मळा. नवरा शालिकराम पिकवायचा, ती बाजारात बसून विकायची आणि उरलेल्या वेळात पक्ष करायची. या निवडणुकीत तीही पडली होती. पडलेल्या उमेदवारानं महिनाभर घराबाहेर तोंड दाखवू नये, असा आपल्याकडे रिवाज आहे. शकुननं तो मोडला. दोन दिवस रडून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात निघाली, मतं दिली त्यांचे आणि न दिली त्यांचेही आभार मानायला.

लोक आधी चक्रावले. मग बोलायला लागले. केशरबाई नावाच्या एका म्हातारीनं तर चहा पाजून तोंडावर सांगितलं, "तुले मत नाई देल्लं मी, खोटं कायले बोलू? तुहा पक्ष पाच वर्सातून एकडाव दिसते. त्याच्यापक्षा नळाले पानी जास्त डाव येते."

दुसरी एखादी चिडली असती. शकुन घरी येऊन विचार करत बसली. ही माणसं आपल्यावर रागावलीत, म्हणजे त्यांनी आपल्याला अजून टाकलेलं नाही. परक्यावर कोण रागावतं? मग ती पुन्हा गेली, दुसऱ्या गल्लीत, तिसऱ्या गल्लीत. हळूहळू तिला वाटू लागलं की हा पक्ष पुन्हा उभा करता येईल, आणि कसा ते आपल्याला कळलं आहे. सरळ सांगायचं तर तिला अध्यक्ष व्हायचं होतं. अगदी मनापासून, पोटातून व्हायचं होतं. हे तिनं एकट्या शालिकरामला सांगितलं होतं.

दुसऱ्या कुणाला सांगायची सोयच नव्हती, कारण या पक्षात पद मागत नसत. पंगतीतल्या आग्रहाचा कायदा पक्षालाही लागू होता. नाव सुचवलं की पहिल्यांदा म्हणायचं, "छे छे, मी कुठला!" दुसऱ्यांदा म्हणायचं, "माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत." आणि तिसऱ्या आग्रहाला मान खाली घालून म्हणायचं, "आता तुमची आज्ञाच आहे तर..." खुशालराव तर तिसऱ्या आग्रहाला डोळ्यांत पाणीसुद्धा आणत. जो पहिल्याच झटक्याला हो म्हणेल तो अधाशी. आणि बाईमाणूस म्हणेल तर मग विचारूच नका.

बैठक सुरू झाली आणि गंमत सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदा अमरावतीकरांना अकोल्याची आठवण आली. "या खेपेला नंबर तुमचा," ते म्हणाले, "आजवर तुमच्यावर लय अन्याव झाला." अकोल्याचे पुढारी गोपाल वकील उठले. भाषणाला उभे राहिले की वकीलसाहेब पुण्याची मराठी बोलत. "ज्येष्ठतेचा मान अमरावतीचा आहे," ते हात जोडून म्हणाले, "तो हिरावून घेण्याचं पाप आम्ही करणार नाही." बुडत्या नावेचं वल्हं असं दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या हातात कोंबणं चाललं होतं. एकेक नाव निघालं. एकाचा बीपी वाढला होता, दुसऱ्याच्या पोरीचं लग्न निघालं होतं, तिसऱ्याच्या घराचा स्लॅब टाकायचा होता. हे सगळे नकार खरेखुरे नकार होते. तिसऱ्या आग्रहालासुद्धा कुणाची मान खाली गेली नाही.

तेवढ्यात मागून एक मुलगी उभी राहिली. प्राजक्ता. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात इंजिनियर, आणि अमरावतीत पक्षाची जी एकुलती एक जागा आली ती तिचीच. ती म्हणाली, "मी शकुनताईंचं नाव सुचवते."

शकुननं ज्याची वाट पाहिली तेच समोर आलं होतं. आणि तोंडातून काय निघालं? "नाई बा, मले काय जमते! मी भाजीवाली बाई."

"जमेल हो ताई," कुणीतरी म्हणालं. फारसं जोर लावून नाही, पण म्हणालं.

दुसरा आग्रह झाला. आता एकच उरला. शकुन ठरल्याप्रमाणे म्हणाली, "माह्यापक्षा मोठे लोक हायेत इथं." आणि मान खाली घालायच्या तयारीत राहिली.

तिसरा आग्रह आलाच नाही.

"ताईंची इच्छा दिसत नाही," गोपाल वकील घाईनं म्हणाले. "आपण त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. महिला आघाडी त्या समर्थपणे सांभाळतातच." टाळ्या पडल्या. इतक्या माणसांचा नकार खरा असल्यावर हिचाही खराच असणार, असं सगळे धरून चालले. प्राजक्ताही खाली बसली. शकुनला ओरडावंसं वाटलं, पण तिनं रीतीप्रमाणे टाळ्यांना हात जोडले.

मग वकीलसाहेबांनी खिशातला पत्ता टाकला. कुणालाच अध्यक्ष व्हायचं नसेल तर पक्ष तरी कशाला हवा? एका मोठ्या पक्षाशी त्यांचं बोलणं झालं होतं. विलीन होऊन जाऊ, सन्मानानं घेतील. जेवणानंतर ठराव मांडू, सर्वानुमते. खुशालराव टेबलाच्या टोकाला बसून नुसते हातातल्या चष्म्याकडे पाहत होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही.

जेवणाच्या सुट्टीत शकुननं पानाकडे पाठ फिरवली आणि व्हरांड्यात येऊन घरी फोन लावला.

"झाली काय अध्यक्ष?" शालिकरामनं विचारलं.

"कोनीच नाई झालं. पक्षच बंद करून राहिले."

"तुहं नाव नाई घेतलं कोनी?"

"घेतलं. मीच नाई म्हनली."

"काहून वं?"

"आंधी म्हनाच लागते नं! दोनदा नाई म्हना लागते, मंग तिसऱ्यानं इचारतेत."

"अन् तिसऱ्यानं इचारलंच नाई?"

पलीकडून शालिकरामच्या हसण्याचा आवाज आला.

"हासू नका," ती रडवेली होऊन म्हणाली. "माहा जीव चालला अन् तुमी हासून राहिले."

"बरं, नाई हासत. आयक. मी मामाले घेऊन तुले पाहाले आलो व्हतो, याद हाय? मामानं इचारलं, पोरी, पोरगा पसंत हाय काय? अशा वक्ती पोरीनं खाली पाहाची रीत हाय. तू मामाच्या डोयात पाहून म्हनली, हाय. मामा रस्ताभर म्हने, पोरगी आगाऊ दिसते, इच्या नादी लागू नको. मी म्हनलं, मामा, हेच पोरगी करतो. इच्या मनात काय हाय ते मले जलमभर हुडकत बसा लागनार नाई." थोडं थांबून तो म्हणाला, "जाय आता. मले पालकाले पानी द्याचं हाय."

फोन ठेवल्यावर शकुननं पदरानं तोंड पुसलं. तिला स्वतःचाच राग आला होता, आणि त्या रागानं बरंही वाटत होतं. तेव्हा एका परक्या मामासमोर जी पोरगी घाबरली नाही, ती आता चाळीस ओळखीच्या माणसांना घाबरत होती.

ती आत आली तेव्हा वकीलसाहेब ठराव वाचायला उभे होते. "ही सभा सर्वानुमते..." इथवर ते आले, आणि शकुन उभी राहिली.

"थांबा वकीलसाहेब. मले अध्यक्ष व्हायचं हाय."

मठ्ठा पिणाऱ्या एकाला जोराचा ठसका लागला.

"ताई," वकीलसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "सकाळी तुम्हीच दोनदा नाही म्हणालात."

"ते खोटं व्हतं. रीत म्हनून बोलली. सकाळीबी पायजे व्हतं मले, अन् आताबी पायजे."

"पण आपल्या पक्षात पद मागून घ्यायची पद्धत नाही."

"मत मांगाले आपन दारोदार जातो, लोकाइच्या पाया पडतो. ते मांगनं चालते, अन् काम मांगनं चालत नाई?"

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं कुणी हसलं. निकालानंतर पक्षात पहिल्यांदाच कुणी हसत होतं. शकुनची जीभ आता मोकळी झाली होती. हरल्यानंतर आपण कुठे कुठे फिरलो, कोण काय बोललं, केशरबाईनं कशी चहा पाजून खरडपट्टी काढली, सगळं तिनं सांगितलं. "लोक आपल्यावर चिडले हायेत, पन दार लावून नाई घेतलं त्याइनं. रोज गेलं तं रोज उघडतीन. मोठ्या पक्षात वकीलसाहेबाले पुढची खुर्ची भेटन. बाकीच्याइनं सतरंज्याच उचलाच्या काय?"

खुशालरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. सकाळपासून ते पहिल्यांदा बोलले. "अजून कोनाले व्हायचं हाय? खरंखरं सांगा. आज रीत ठेवा बाजूले."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आणि मागून प्राजक्ता पुन्हा उभी राहिली. या वेळी तिचा चेहरा लाल झाला होता.

"मला पण," ती म्हणाली. "ताई, सकाळी तुमचं नाव घेतलं ते मनापासूनच घेतलं. पण तुम्ही नाही म्हणाल्या तेव्हा मनात आलं, मग मी का नको? बोलायची हिंमत नव्हती. तुम्ही बोलल्या म्हणून बोलते."

पोरगी शिकलेली, तडफदार, वर निवडून आलेली. आपण पडलेली बाई. हातचं गेलं, असं शकुनला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी तिला त्या पोरीचा अभिमानही वाटला, कारण इतक्या वर्षांत या पक्षात दोन माणसांनी एकाच दिवशी खरं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

पक्षात कधी मतदान झालंच नव्हतं. हात वर करायचे ठरले. खुशालराव मोजायला उभे राहिले आणि पहिल्या खेपेला चुकले, कारण अकोल्याचे हात शकुनला आणि अमरावतीचे प्राजक्ताला, असं त्यांनी मनात धरूनच ठेवलं होतं. प्रत्यक्षात अमरावतीच्या बाकी सगळ्या बायांनी शकुनसाठी हात वर केले होते, आणि अकोल्याच्या गोपाल वकिलांनी रागारागानं प्राजक्तासाठी. दुसऱ्यांदा त्यांनी एकेका माणसाजवळ जाऊन मोजलं. शकुनचे हात जास्त भरले. फार नाही, पण जास्त.

प्राजक्ता पुढे आली. डोळे भरलेले होते, पण हसत होती. "पुढच्या खेपेला पाडणार मी तुम्हाला."

"पाड नं," शकुन तिचा हात धरून म्हणाली. "पन तोवर सरचिटनीस हो."

"होते."

मग बांध फुटल्यासारखं झालं. सकाळी बीपी वाढलेला माणूस म्हणाला, पळापळ होणार नाही, पण पक्षाचा हिशेब माझ्याकडे द्या. स्लॅबवाला म्हणाला, अचलपुरात आपली शाखा नाही, मी काढतो. कुणी गल्ली मागत होतं, कुणी वॉर्ड. गोपाल वकील ठरावाच्या कागदाची घडी घालत बराच वेळ बसून राहिले, आणि शेवटी वऱ्हाडीत म्हणाले, "कोर्टाचं काई निंघालं तं मले सांगजा." शकुननं मान हलवली.

खुशालराव हळूच उठले. शाल खांद्यावर टाकली आणि हात जोडले. "मले आता काई नको. वय झालं. तुमी सांभाळा." माणसं आदरानं उभी राहिली, दोघाचौघांनी टाळ्याही सुरू केल्या. निरोप द्यायला आपण सगळेच हुशार. ते दाराकडे वळले.

"भाऊ," शकुननं हाक मारली. "हे नको खरं हाय का रीतीचं?"

टाळ्या थांबल्या. खुशालराव पाठमोरेच उभे राहिले. पद घेताना आणायचे ते पाणी आज त्यांच्या डोळ्यांत न आणताच आलं होतं, आणि ते लपवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"रीतीचं," ते म्हणाले. "खरं सांगू तं घरी बसून मी मरून जाईन, ताई. मले बडनेरा पायजे. रेल्वेच्या मागच्या वस्तीत मले अजून नावानं वळखतेत."

"मंग बसा नं भाऊ. बडनेऱ्याचंच बोलू आंधी."

खुशालरावांनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि ते परत येऊन बसले.