पाऊण गुणिले साडेतीन

मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. कारखान्यात पत्र्याची गोल चकती दाबून मला घडवलं, तेव्हा माझ्यासारख्या शेकडो होत्या. या घरात आले आणि मी 'माप' झाले. आईने खिळ्याने माझ्या पोटात तीन रेघा ओढल्या: पाव, अर्धी, पाऊण. दुखलं, मित्रांनो. पण पुढे त्याच रेघांचा मला तोरा वाटू लागला.

आईचा नियम एकच. माणशी पाऊण वाटी तांदूळ. घरात आई, बाबा, ताई आणि धाकटी. धाकटी चिमणीएवढं खायची, म्हणून तिला अर्धं माणूस धरायचे. त्यावरून तिचं नावच पडलं, अर्धुली.

पाऊण गुणिले साडेतीन.

ताई ओट्याला टेकून मोठ्याने गणित करायची. "तीन चतुर्थांश गुणिले सात द्वितीयांश. एकवीस अष्टमांश. दोन पूर्णांक पाच अष्टमांश!"

"मला कळेल असं सांगा, मास्तरीणबाई," आई म्हणायची.

"अडीच वाट्या. वर पाव वाटीचं निम्मं."

"मला पुरतं धरा ना!" अर्धुली फुरंगटायची. "म्हणजे सरळ तीन वाट्या होतील. ताईचं डोकंही वाचेल."

बाबा हसून लोटपोट. "आधी ताटातलं संपव, मग धरू!"

शेवटी आई म्हणाली, "सहावं लागलं की पुरती धरू. शब्द दिला."

सहावं लागायला दोन महिने होते. अर्धुलीला ताप येऊ लागला. जायचा, पुन्हा यायचा.

पाऊण गुणिले अर्धा: तीन अष्टमांश.

त्याच्याही निम्मं: तीन षोडशांश.

माझ्या अंगावर एवढी बारीक रेघच नव्हती. आई अंदाजाने चार दाणे टाकायची, त्यांची पेज करायची. तीही उरायची.

"आई, गुणलं की वाढतं ना?" ताईने विचारलं. "मग हे कमी कमी का होतंय?"

"एकाहून लहानाने गुणलं की कमीच होतं गं," आई म्हणाली आणि तोंड फिरवून नळ सोडून उभी राहिली.

एका सकाळी दवाखान्यातून तिघंच परत आले.

मी फळीवर पालथी पडून राहिले. शेजारणी डबे आणत होत्या.

जिला सहावं लागणार होतं, तिच्या वाढदिवशी आईने मला उचललं. तांदळाच्या डब्यात बुडवलं आणि तिथेच हात थांबला.

"पाऊण गुणिले किती गं?"

ताईला उत्तर येत होतं. तिघांचे सव्वादोन. तिचं गणित कधी चुकत नसे. तिने आईच्या हाताकडे पाहिलं.

"चार," ती म्हणाली. "पाऊण चोक तीन."

आईने तीन वाट्या काठोकाठ मोजल्या. जेवताना बाबांनी पातेल्यात उरलेला भात पाहिला.

त्यानंतर बाबांनी प्लास्टिकचं नवं माप आणलं. मला हातात घेणं आईला जमत नाही. माझ्यावर धूळ बसते, त्याचा मला राग नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी अर्धं धरलेलं असेल. लहान म्हणून, म्हातारं म्हणून, आजारी म्हणून. त्याला आजच पुरतं धरा. भात उरला तर उरू द्या.