एका ओळीची सहा नावं

मी एक द्विमितीय अ‍ॅरे बोलतोय. आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेला तक्ता म्हणा ना. कागदावरचा नव्हे, कॉम्प्युटरच्या मेमरीतला. प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच माझं आयुष्य. तो बंद झाला की माझं नावनिशाणही उरत नाही. त्यामुळे मी मुळातच भित्रा.

मला घडवलं ताईच्या धाकट्या भावानं. ताई लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. सहा खाटा, दिवसातून तीनदा औषध. कुणाला दिलं, कुणाचं राहिलं, हे लिहिता लिहिता ती मेटाकुटीला येई. म्हणून भावानं तिला पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहून दिला.

"प्रत्येक खाटेची एक ओळ, प्रत्येक वेळेचा एक रकाना," तो म्हणाला. "औषध दिलंस की बटण दाब, 'दिलं' उमटेल. आता ते औषधाच्या पेल्यांवर खाटांचे आकडे चिकटवणं बंद कर, ताई."

"बघू," ताई म्हणाली. आकडे काही तिनं सोडले नाहीत. जित्याची खोड.

भावानं घाईत तीन कोऱ्या खान्यांची एक ओळ केली आणि तिला सहानं गुणलं. त्याला वाटलं, सहा ओळी झाल्या. खरं तर ओळ एकच राहिली, तिला नावं सहा मिळाली. एकाच खोलीला सहा दारं पाडून सहा खोल्या मोजाव्यात, तसं झालं. मग त्यानं मला पडद्यावर पाहिलं. अठरा खाने, सगळे कोरे. कोरा असताना माझ्यातली खोट कुणाला दिसणार? मला मात्र ठाऊक होती: एका ओळीत काही लिहिलं की ते सहाही ओळींत दिसणार.

आज दुपारी मला कामाला जुंपलं. ताईनं पहिल्या खाटेवरच्या मुलाला औषध पाजलं, बटण दाबलं, आणि तेवढ्यात तिला तातडीच्या विभागात बोलावलं. ती पाठमोरी झाली तेव्हा माझ्या सहाही ओळींत दुपारच्या रकान्यात 'दिलं' उमटलेलं होतं.

तिच्या जागी दुसरी सिस्टर आली. पडदा बघून म्हणाली, "चला, सगळ्यांचं झालंय," आणि औषधांच्या ट्रेकडे न बघताच तो उचलून आत ठेवायला निघाली.

चौथ्या खाटेवर एक चिमुरडी होती. तिला फिट यायच्या. हा डोस चुकला असता तर पुन्हा आली असती. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला वाचा कुठली?

"सिस्टर, हिचं औषध राहिलंय," तिची आई म्हणाली.

"इथं तर दिलेलं दिसतंय."

"मी सकाळपासून हललेली नाही इथून. कुणी दिलं नाही."

"तुमचा डोळा लागला असेल हो. दोनदा दिलं तर तिच्या जिवावर बेतेल. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

वीज जावी आणि मी तिथल्या तिथे मरावं, असं मला वाटलं. माझ्यामुळे एक आई खोटी पडत होती.

आईनं ट्रेकडे बोट दाखवलं. "मग चार नंबरचा पेला भरलेला कसा?"

सिस्टरनं ट्रे खाली ठेवला. एक पेला रिकामा, पाच भरलेले, आणि प्रत्येकावर ताईच्या हातचा आकडा. तिनं एकेक आकडा वाचला. मग चार नंबरचा पेला घेऊन खाटेपाशी गेली.

आता ताई परतलीय आणि भाऊही आलाय. चूक कळल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. प्रत्येक खाटेसाठी वेगळी ओळ तयार होईल असं तो नव्यानं लिहितोय. "ताई, ते आकडे राहू देत," एवढंच तो हळूच म्हणाला.

माझं एक ऐका. अ‍ॅरे कोरा बघून त्याच्यावर विश्वास टाकू नका. एका खान्यात काहीतरी लिहा आणि मग बाकीच्या ओळींकडे नीट बघा.

चिमुरडी शांत झोपली आहे. सगळ्या खाटांना औषध मिळालंय. माझ्या सहाही ओळींत 'दिलं' आहे, आणि या घडीला ते खरं आहे. रात्रीचं पहिलं बटण दाबायच्या आत मला बंद करा.