बटण-सेलवरची पन्नी

माझ्या डब्यातलं घड्याळ खोटं बोलत नाही, हे मी अमरावतीत इतक्या जणांना ऐकवलंय की माझा नवरा सोहम म्हणतो, "घड्याळाचं सोड, तू तरी कधी वेळेवर जेव."

हसू दे. एमआयडीसीतल्या दोन खोल्यांत मी लसींच्या फ्रिजला लावायचे डबे बनवते. डबा दर दहा मिनिटांनी आतलं तापमान लिहितो आणि शेजारी वेळ टाकतो. त्यात वीज सांभाळणारी एक चिप असते, तिच्याच पोटात घड्याळ. विजेची लाइन असली की ते लाइनवर चालतं, गेली की रुपयाएवढ्या बटण-सेलवर. कुणी हातानं वेळ बदललीच, तर चिप गुपचूप एक आकडा वाढवून ठेवते. तो आकडा कुणालाच पुसता येत नाही. मलाही नाही.

म्हणून नांदगाव खंडेश्वरच्या पुढच्या एका लहान आरोग्य केंद्रातून डॉक्टर धर्मपाल यांचा फोन आला, तेव्हा मी ताठ मानेनं निघाले. लसींची तपासणी त्यांच्याकडे असते. डब्याच्या नोंदी त्यांनी कागदावर काढून ठेवल्या होत्या.

"हे पाहा चारुता मॅडम. महिन्याभरात अकरा वेळा हातानं वेळ बदलली. सिस्टरनं फ्रिज बंद पडलेला लपवला, दुसरं काय?"

सिस्टर म्हणजे वर्षाली. पंचविशीची, टेबलाच्या कडेला उभी. तिनं डॉक्टरांकडे पाहिलंच नाही, सरळ मला विचारलं, "ताई, माह्या नोकरीचं मंग पाहू. या महिन्यात अडतीस बाळांले टोचलं मी. त्याइले पुन्हा टोचा लागते का, तेवढं सांगा."

"वेळ का बदललीस?"

"लाइन जाऊन आली का डबा सन दोन हजार दाखवे. मी भितीवरचं घड्याळ पाहून नीट करून ठेवलं. बिघडवलं नाही."

खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. सेल असताना घड्याळ सन दोन हजारात जाईलच कसं? बरी सापडलीस, असंच मनात आलं. चार स्क्रू काढून मी झाकण उघडलं.

सेलखाली पारदर्शक पन्नी तशीच होती. नवीन रिमोटमध्ये असते ना, ओढून काढायची, तीच. सेल आणि घड्याळ यांची महिनाभर भेटच झाली नव्हती. लाइन गेली की घड्याळ मरायचं, आली की पहिल्या दिवसापासून मोजायला लागायचं. पन्नीचं बाहेर आलेलं टोक कुणीतरी डब्याला चिकटपट्टीनं सुबक चिकटवून टाकलं होतं.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं," दारातून नत्थुजी म्हणाले. केंद्राचे जुने शिपाई. आवाजात अभिमान होता. "नवी वस्तू हाय ना मॅडम. पन्नी काढली का खराब होते. आमच्या घरच्या टीव्हीची बी सात वर्षं काढली नाही. पोट्टे ओढतीन म्हणून पट्टी लावली."

चिडणार तरी कोणावर? गोदामात सेल उतरू नये म्हणून पन्नी ठेवायचा हुकूम माझाच होता. ती काढायची सूचनाही मीच लिहिली होती, नवव्या पानावर, इंग्रजीत. अमरावतीत बसून मी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या.

"म्हणजे फ्रिज किती वेळ बंद होता, ते कळतच नाही," डॉक्टर म्हणाले. "मग त्या लसी बाद धराव्या लागतील."

वर्षालीनं टेबलाची कड घट्ट धरली. अडतीस घरी जाऊन 'मागची सुई फुकट गेली' सांगायचं, म्हणजे पुढच्या वेळी दार कोण उघडणार होतं?

"कळतं," मी म्हणाले. "वेळ गेली, तापमान गेलेलं नाही. डबा आणि फ्रिज एकाच बोर्डावर आहेत. लाइन आली की डबा मिनिटभरात पहिली नोंद करतो, तेवढ्यात फ्रिज थंड होऊ शकत नाही. म्हणजे बंद असताना जास्तीत जास्त किती तापला, तेच त्या नोंदीत दिसतं. लसीला आठ अंशांपर्यंत चालतं. त्याच्या वर एक तरी नोंद दाखवा."

आम्ही अकराही नोंदी बोटानं शोधल्या. सर्वांत जास्त तापमानाची नोंद सहा पूर्णांक दोन अंशांची होती. डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, मग चष्मा काढला.

"लस चांगली आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहत जरा हळू, "अहवालात नुसता तांत्रिक बिघाड लिहू का? तुमचे आणखी छत्तीस डबे बसलेत. नाव खराब होईल."

मोह झाला, नाही कशाला म्हणू? पण नुसता 'बिघाड' लिहिला असता, तर हातानं वेळ बदलल्याचा तो अकराचा आकडा वर्षालीच्याच नावावर राहिला असता. मी कागद ओढून घेतला आणि मराठीत लिहिलं: 'सेल न जोडता डबा दिला, चूक उत्पादकाची. सिस्टरनं वेळ दुरुस्त केली. इतर छत्तीस डबे या आठवड्यात मी स्वतः तपासीन.' खाली सही ठोकली.

वर्षाली तोवर फोनवर होती. लस खराब निघाल्याची अफवा गावभर फिरली होती, म्हणून ती यादी घेऊन एकेका आईला कळवायला बसली होती. "पंचफुलाताई, सुई बराबर हाय तुमच्या पोराची. पुन्हा टोचा लागत नाही." पलीकडची बाई मोठ्यानं बोलत होती, मला स्वच्छ ऐकू आलं: "मंग गलती कोणाची होती?"

वर्षालीनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "मशीनची," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून फोन घेतला. "मशीनची नाही, ताई. ज्या बाईनं मशीन बनवली, तिची. मी तीच बोलून राहिली."