एकेचाळिसावा खांब

"बोटं पुढे टेकतायत का?" नोटबुर्गाने गुडघ्यावर बसून गिऱ्हाइकाच्या पायातल्या स्की-बुटाचा चाप ओढला.

"थोडी टेकतायत, काकू."

"मग बरोबर आहे. उभ्या राहा बघू."

स्वतःच्या बोटांचं तिला काही कळत नसे. बारा वर्षं दोन मापं लहान बूट घालून बर्फाच्या शर्यती मारल्या, तेव्हाच ती बधिर झाली. पुढे तो बधिरपणा बोटांपुरता राहिला नाही. गेल्या वसंतात आई गेली, तेव्हाही तिच्या डोळ्यांतून टिपूस निघाला नाही.

सरपंच दारातून डोकावले. "नोटबुर्गाताई, उद्या दहाला रोपवेवर या. नऊ नंबरचा पाळणा तुमच्या नावाचा!"

गावची रीतच होती ती. जागतिक शर्यत जिंकणाऱ्याचं नाव रोपवेच्या पाळण्यावर रंगवायचं. नोटबुर्गाचं सव्वीस वर्षं राहून गेलं होतं. यंदा नवे पाळणे आले आणि सरपंचांना जाग आली. नाव रंगवणार होती रोपवेच्या शेडमधली क्रेसेन्झ, म्हणजे झेन्झी. त्याच शर्यतीत नऊ शतांश सेकंदांनी दुसरी आलेली.

दुपारी दुकान बंद करून नोटबुर्गा शेडमध्ये गेली. पाळण्यावर तिचं नाव ओलं होतं.

"झेन्झी, ते पुसून टाक."

"का गं? अक्षर वाकडं आलं?"

"मी जिंकले नव्हते. डाव्या स्कीचं टोक खांबाच्या आतून गेलं होतं."

झेन्झीचा कुंचला थांबला. तिला अधिक सांगायची गरज नव्हती. दोन्ही स्की खांबाच्या एकाच बाजूने गेल्या पाहिजेत, एकीचं टोक पलीकडून गेलं की खेळाडू बाद. त्या दिवशी बर्फ पडत होता, पंचांना दिसलं नाही. पण खांब कुठून घासला ते ज्याच्या त्याच्या नडगीला कळतं. खाली फलकावर पहिलं नाव लागलं, लोकांनी खांद्यावर घेतलं आणि नोटबुर्गा मूग गिळून बसली. पुढच्या हंगामात संघातून वगळलं ते झेन्झीला.

"कितवा खांब?"

"एकेचाळिसावा. लाल."

"तक्रारीला पंधरा मिनिटं असतात. तू सव्वीस वर्षं घेतलीस. वरातीमागून घोडं आणतेस होय?"

"आई होती तोवर जमलं नाही गं. भिंतीवरचा तो फोटो रोज पुसायची ती."

"माझीही आई होती. 'नऊ शतांश, नऊ शतांश' करतच गेली बिचारी."

"शिव्या तरी घाल मला."

"घातल्या की तू मोकळी. जा घरी. नाव राहील."

दुसऱ्या दिवशी दहाला बँड वाजला, जर्दाळूच्या दारूचे छोटे पेले फिरले, सरपंचांनी कापड ओढलं. नाव, साल आणि खाली बारीक लाल अक्षरांत एकेचाळीस. बाकी कुठल्याच पाळण्यावर असा आकडा नव्हता.

"हे एकेचाळीस कसले, झेन्झी?" सरपंचांनी विचारलं.

"तिलाच विचारा की," झेन्झी म्हणाली आणि मनगट वळवून तिने घड्याळ पाहिलं. तक्रारीची पंधरा मिनिटं सुरू झाली, ही गोष्ट फक्त नोटबुर्गाला कळली.

सगळं गाव तिच्याकडे वळलं. एक वाक्य बोलायचं होतं. काल तेच वाक्य ती पाय ओढत शेडपर्यंत घेऊन गेली होती. तिने तोंड उघडलं, पण बोलून गेली ती सव्वीस वर्षांची सवय.

"छातीवरचा क्रमांक होता माझा."

टाळ्या पडल्या. तिला लाज वाटायला हवी होती. ती वाटते का म्हणून तिने क्षणभर वाट पाहिली. झेन्झीने घड्याळावर बाही ओढली आणि गर्दीतून शेडकडे चालू लागली.

आता दर बारा मिनिटांनी नऊ नंबर दुकानावरून वर जातो.

"काकू, ते नाव तुमचंच ना?" गिऱ्हाइकं खिडकीतून बोट दाखवतात.

"हो," नोटबुर्गा मान वर न करता चाप ओढते. "बोटं टेकतायत का पुढे?"