तार आणि टेकू

पन्नाशी उलटल्यावर पार्वतीबाईंनी दातांना क्लिपा लावून घेतल्या, तेव्हा डोंगरकडा गावात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, बाईचं डोकं फिरलं. दुसऱ्याचं, बाईला निवडणूक लढवायची आहे.

खरं कारण होतं हिरड्या. पायोरियानं आतलं हाड झिजलं होतं आणि पुढचे दात सुटलेल्या मोळीसारखे फाकले होते. नवऱ्याच्या, म्हणजे तातेरावांच्या, घराण्यात यावर एकच इलाज होता: सगळे उपटा आणि कवळी बसवा. पार्वतीबाईंचा दीर व्यंकटराव, त्यांना तर चाळिशीतच कवळी आली होती. जेवायला बसले की ते ती काढून खिशात ठेवत. झिजू नये म्हणून.

"माझे दात माझ्याबरोबरच जातील, आधी न्हाई," असं सांगून पार्वतीबाईंनी हिंगोली गाठली. आधी हिरड्या बऱ्या केल्या, मग क्लिपा. दात रांगेत आल्यावर क्लिपा निघाल्या आणि डॉक्टर प्रतीक्षाबाईंनी दातांच्या मागून एक बारीक तार चिकटवली.

"ही आता जन्मभर. हाड कमी आहे, दात स्वतःच्या जोरावर जागेवर राहायचे नाहीत. तार कुठं सुटली तर लगेच या."

आणि आज सकाळी, कडक भाकरीच्या पापुद्र्यावर, ती सुटली. टोक जिभेला टोचायला लागलं. पार्वतीबाई तडक केळीच्या बागेत गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "गाडी काढा. हिंगोलीला जायचंय."

तातेरावांनी गाडी काढली नाही. गाडीच्या डिकीतून पक्कड काढली.

"आ कर."

"काहून?"

"काढून टाकतो ती भानगड. क्लिपा निघून साल झालं. दात लागले आता. लागलेल्या झाडाला कोणी टेकू देतं का?"

पार्वतीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. बागेत घड धरलेल्या प्रत्येक केळीला बांबूचा टेकू होता. पण तातेराव इतक्या भरवशानं बोलले होते की केळींनाही क्षणभर शंका आली असावी.

"बराबर हाय, वहिनी," बांधावरून व्यंकटराव म्हणाले. "माझ्या कवळीला कधी तार लागली का?"

"तुमच्या कवळीला खिसा लागतो, भाऊजी."

पक्कड जवळ आली. पार्वतीबाईंनी तोंड मिटलं आणि चालत बांधाजवळच्या केळीपाशी गेल्या. ही तातेरावांची लाडकी. हिचा घड प्रदर्शनात मांडायचा होता. मोबाईलवर स्वतःच्या फोटोच्या जागी त्यांनी हिचाच फोटो लावला होता; बायकोचा तिथं कधी नंबर लागला नव्हता.

पार्वतीबाईंनी टेकू उपसला आणि ओढ्यात भिरकावला.

केळ करकरली आणि वाकली. तातेरावांनी पक्कड टाकून तिला मिठी मारली.

"काय करून राहिली, बये!"

"लागलेलं झाड हाय न? टेकू कशाला?"

"व्यंकट! बांबू आण!"

"आणा की, भाऊजी," पार्वतीबाई शांतपणे म्हणाल्या. "बांबू लागला की ह्यांचं बोलणं खोटं. मग मला गाडीवर हिंगोलीला न्यायचं, अन् तारेला पुन्हा हात लावायचा न्हाई."

तातेरावांनी विचार केला. माणूस तत्त्वाचा.

"नको आणू," ते भावाला म्हणाले. "मी धरलं न्हाई काही. नुसता टेकून उभा हाय."

"उभे राहा मग," म्हणून पार्वतीबाईंनी पिशवी उचलली आणि फाट्यावर जाऊन एसटी धरली.

डॉक्टरबाई तार चिकटवत असताना फोन वाजला. पार्वतीबाईंना 'आ' मिटता येईना, म्हणून डॉक्टरबाईंनीच तो स्पीकरवर टाकला.

"कुठवर आलं?" तातेरावांचा आवाज दबलेला होता.

"थोडा वेळ लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला काही त्रास आहे का?"

"तकलीफ न्हाई. खांद्यावर घड हाय."

डॉक्टरबाईंनी पार्वतीबाईंकडे पाहिलं. पार्वतीबाईंनी तोंड उघडं ठेवूनच मान डोलावली.

दिवस कलताना त्या बागेत परतल्या. तातेराव तिथंच होते. शर्टावर केळीचा चीक वाळला होता. व्यंकटराव त्यांना भाकरी भरवत होते. जाता-जाता दोन बाया पाया पडून गेल्या होत्या. औंढ्याच्या देवळातून कोणी हठयोगी आलाय, असं त्यांना वाटलं.

"दाखव," तातेराव म्हणाले.

पार्वतीबाईंनी तोंड उघडलं. जिंदगीभर बैलांचे दात पाहिलेला तो माणूस घड खांद्यावर घेऊनच वाकला आणि आत बघत राहिला. एकही दात हलला नव्हता.

"किती दिवस ठेवायची म्हणाल्या?"

"जन्मभर."

"केळीला तर घड उतरेपर्यंतच लागतो टेकू."

"माझा घड अजून उतरला न्हाई."

तातेरावांनी घड दुसऱ्या खांद्यावर घेतला. तोही भरून आला होता.

"व्यंकट," शेवटी ते म्हणाले, "बांबू आण."

व्यंकटरावांनी घाईघाईनं कवळी खिशातून काढून तोंडात घातली, कारण असल्या ऐतिहासिक प्रसंगी काहीतरी बोलावं लागेल असं त्यांना वाटलं. पण पार्वतीबाई हसत होत्या, सगळे दात दाखवून, ते पाहून व्यंकटरावांनी कवळी पुन्हा खिशात ठेवली. ते बांबू आणायला गेले.